एकतीस नंबरची गिटार

केजच्या ऑर्केस्ट्रात गिटारवादकाची जागा रिकामी नव्हती. ती एका आकड्याने अडवलेली होती. मास्टर आपल्या कीबोर्डवर एकतीस हा आकडा दाबत, कीबोर्ड इलेक्ट्रिक गिटारसारखा कळवळून ओरडू लागे, आणि लग्नाच्या मांडवातले तमाम पाहुणे, रंगमंचावर एकही तार नसताना, गिटार ऐकल्याच्या समाधानाने पंगतीकडे वळत. पदार्थविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेऊन आणि वसतिगृहात गिटार शिकून मी गावी परतले, तेव्हा माणसांशी स्पर्धा करण्याची माझी पूर्ण तयारी होती. आकड्याशी स्पर्धा करावी लागेल, असे कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे महाविद्यालयाला माझी गरज तासापुरती होती आणि घंटा झाली की आमचे नाते संपत असे. उरलेल्या वेळात मी संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करी आणि गिटार वाजवी. खोलीत एकटीने वाजवणे म्हणजे निष्कर्ष न लिहिलेला प्रयोग, असे माझे मत होते आणि आहे. मला रंगमंच हवा होता. इलेक्ट्रिक गिटारला काम देऊ शकेल असा रंगमंच तालुक्यात फक्त मास्टरांकडे होता, आणि लग्नसराई सुरू झाली की त्यांचा संच ठरून जाई. मग हंगाम संपेपर्यंत त्यात फेरबदल नाही.

मास्टर दिवसा केळीचे व्यापारी. पन्नाशी ओलांडलेली, दाढीला मेंदी, बोलणे गिऱ्हाइकाला उभ्याउभ्या निकालात काढणारे. बाजाराच्या मागे त्यांची केळी पिकवण्याची खोली होती: जाड, आतून फोम भरलेल्या भिंती, थंडगार हवा, आणि दार ओढून घेतले की बाहेरून ट्रॅक्टर गेला तरी पत्ता लागत नसे. मोठ्या शहरांत असल्या शांततेसाठी लोक ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ बांधतात. केजमध्ये ती केळीला मोफत मिळत होती. एक माल निघाला आणि दुसरा यायचा असला की मधल्या दिवशी तिथे तालीम होई. आमच्या कलेचे वेळापत्रक, थोडक्यात, केळी ठरवत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे मास्टरांशिवाय दोघे होते. गायक हा एका पुढाऱ्याचा पुतण्या. त्याला सगळे दादा म्हणत. काकांच्या सभांमध्ये वाढल्यामुळे माइक कसा धरावा हे त्याला उपजतच येत होते. गाणे त्याने पुढे केव्हातरी जोडून घेतले असावे. ऑक्टोपॅड, म्हणजे विजेवरचे ड्रम, वाजवणारा मोटारसायकलचा मिस्त्री होता. जगातल्या सर्व आवाजांचे वर्गीकरण तो इंजिनाच्या आजारांत करी.

"बरं झालं आलाव मॅडम," मास्टर म्हणाले. "लेडीज सिंगर लागतीच हाय आमाला."

"मला गाता येत नाही. मी गिटार वाजवते."

"गाता कुणाला येतंय? दादाकडं बघा."

"आब्रू काढायची तर एकांतात काढा की मास्टर," दादा म्हणाला. "पाव्हण्यांपुढं कावून?"

मास्टरांनी उत्तरादाखल एकतीस दाबून एक लांबलचक तान घेतली. खोली दणाणली.

"ही आमची गिटार. सुट्टी मागत न्हाई, रुसत न्हाई, हिची तार तुटत न्हाई."

"ती नक्कल आहे, मास्टर."

"मंग असल घेऊन या. हिच्याइतकी वाजली तर बघू."

हा निकष त्यांनी सहज उच्चारला असेल. मी तो जसाच्या तसा उचलला. मोजता येण्याजोगा निकष कुणी दिला की मला समोरच्या व्यक्तीबद्दल आदर वाटू लागतो. ही सवय माझ्या अंगाशी येणार होती.

माझी गिटार स्वभावाने सोज्वळ होती. तिचा स्वर स्वच्छ, गोल आणि लग्नाच्या मांडवात पूर्णपणे निरुपयोगी. एकतीस नंबरसारखा रांगडा स्वर हवा तर पेडल लागते: बिस्किटाच्या पुड्याएवढी, पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यात एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, आणि आत गेलेली लहर ती मुद्दाम बिघडवते. लहरीचे शेंडे छाटले की स्वर फाटतो, एवढेच काय ते विज्ञान. छाटण्याच्या तऱ्हा मात्र दोन. ओव्हरड्राइव्ह नावाची डबी शेंडे अलगद, गोलाई राखून दाबते. डिस्टॉर्शन नावाची डबी ते गच्चीसारखे सपाट कापून टाकते. आमच्याकडे ‘आवाज फाटायलाय’ हे वाक्य लोक मांडववाल्याला फैलावर घेण्याआधी म्हणतात. मी तोच दोष, आवरणासह आणि हमीपत्रासह, विकत घ्यायला निघाले होते.

इंटरनेटवर या डब्यांचे परीक्षण करणारी एक स्वतंत्र जमात आहे. एकाला अमुक डबी ‘उबदार’ वाटली, दुसऱ्याला तीच ‘मलईदार’, तिसऱ्याने तिला ‘लाकडी’ ठरवले. एकाने ‘पारदर्शक विकृती’ अशी संज्ञा वापरली. तिचा अर्थ मी अजून शोधते आहे. वारंवारता, विभव, प्रवाह यांपैकी एकही शब्द कुणी चुकूनसुद्धा उच्चारला नाही. स्वर डबीत नसून बोटांत असतो, असे मात्र सगळेच अखेरीस सांगत, आणि सांगताना प्रत्येकाच्या मागच्या भिंतीवर डब्यांची अशी मांडणी असे की भांड्यांच्या दुकानदाराने मान खाली घालावी.

मी या साहित्याचा त्याग केला आणि मोजमापाकडे वळले. मास्टरांच्या परवानगीने एकतीस नंबरची तान मी फोनमध्ये मुद्रित करून आणली होती. त्या स्वरात मूळ स्वराखेरीज कोणकोणते उपस्वर किती प्रमाणात मिसळले आहेत, हे एका ॲपवर आलेखरूपात उकलून पाहिले. शेंडे सपाट कापल्याची खूण अगदी ठळक होती. म्हणजे डिस्टॉर्शन. मग वेगवेगळ्या डब्यांचे मिळतील ते नमुने ऐकून, प्रत्येकाची तशीच उकल करून, एकतीसच्या सर्वांत जवळ जाणारी डबी मी निवडली. ‘उबदार’ म्हणणाऱ्यांनी तिला ‘कर्कश’ म्हटले होते. मला ती शिफारस वाटली.

पार्सल आले. आईने डबी हातात घेऊन वजन पाहिले, मग माझी खोलीतली पहिली तान दारातून ऐकली.

"चांगला आवाज होता की गिटारीचा," ती म्हणाली. "त्याला कावून बिघडवायलीस?"

या प्रश्नाला सैद्धांतिक उत्तर नाही, हे मी तिला सांगितले नाही.

डबीला वीज देण्याचा एक उपप्रबंधच आहे. घरातल्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत आतला भाग धन असतो आणि बाहेरचा ऋण. पेडल बनवणाऱ्यांनी उर्वरित मानवजातीशी फारकत घेऊन नेमके उलट ठरवले आहे. दुकानदाराने समोर ठेवलेल्या अडॅप्टरांबद्दल "समदे एकच असत्यात, रंग बघा अन् घ्या" असे आश्वासन दिले. मी पर्समधून मल्टिमीटर काढला. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर पुढे मला केजमध्ये सवयीची झाली. जुळणारा एकही निघाला नाही, तेव्हा त्यातलाच एक घेऊन, त्याची वायर कापून, टोके उलटून मी स्वतःच जोडली.

मांडणी मी पद्धतशीर केली. डबीवर तीन नॉब होते: फाटण्याचे प्रमाण, स्वराचा तीक्ष्णपणा आणि आवाजाची पातळी. तिन्ही मध्यावर ठेवायचे, एका वेळी एकच हलवायचा, प्रत्येक वेळी ॲपवर उकल पाहायची. ही शिस्त पहिला नॉब शेवटपर्यंत फिरवून पाहण्याच्या क्षणापर्यंत टिकली. त्या पिळलेल्या नॉबवर माझा सराव-अँप्लिफायर, जो एरवी कण्हत असे, गर्जू लागला. मी आरशासमोर उभी राहून वाजवले की नाही, हे या लेखनाच्या कक्षेबाहेरचे आहे. पुढे तो नॉब पाऊणवर आणून मी आलेख एकतीसशी जुळवला आणि तालमीची वाट पाहू लागले, म्हणजे अर्थातच केळीची.

खोली रिकामी झाली. वास तेवढा मागे राहिला होता. आंधळी चाचणी मीच सुचवली: ऐकणाऱ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, मास्टर आणि मी एकच सुरावट आळीपाळीने वाजवणार, कोण आधी हे नाणे उडवून ठरणार. दादा आणि मिस्त्री श्रद्धांजलीला उभे राहावे तसे हात बांधून भिंतीपुढे उभे राहिले. ऑर्केस्ट्रात गिटारला स्वतंत्र अँप्लिफायर वगैरे लाड नसतात. प्रत्येकाची वायर सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमध्ये जाते आणि मिक्सरमधून, मांडवात लावतात त्या दोन उंच स्पीकरांत. मी माझीही वायर तिथेच खोचली.

मास्टरांनी वाजवले. मग मी वाजवले. दुसऱ्याच स्वराला माझ्या लक्षात आले की माझ्या खोलीतली गर्जना वाटेत कुठेतरी उतरून गेली आहे आणि स्पीकरमधून सुक्या खोबऱ्याची चटणी दळली जात आहे.

"पयली असल," दादा भिंतीला म्हणाला. "दुसरा कीबोर्ड हाय. अन् तोबी हलका."

"दुसरीच्या रिंगा गेल्यात," मिस्त्री म्हणाला. "ऑइल खायलीय ती."

"डासं मारायची बॅट असती बघ, तसं तडतड व्हायलंय."

"असं तोंडावर बोलू ने रे," मास्टर मायेने म्हणाले. ते काहीही मायेने बोलले की संशय येई. "मॅडम, लेडीज सिंगरचं बोलणं खुलं हाय बरं का अजून."

अपयश मला चालते. अस्पष्टीकृत अपयश चालत नाही. घरी येऊन मी कारण शोधले, आणि ते इतके चोख निघाले की दुःख जवळजवळ विसरले. गिटारच्या अँप्लिफायरमधला कागदी स्पीकर तीक्ष्ण, उंच वारंवारता वाजवूच शकत नाही. त्याची ही असमर्थता म्हणजेच जगाला परिचित असलेला गिटारचा स्वर. मांडवातले उंच स्पीकर दुर्दैवाने सक्षम होते. माझ्या डबीने तयार केलेला प्रत्येक काटा त्यांनी प्रामाणिकपणे श्रोत्यांपर्यंत पोहोचवला. एकतीस नंबर मात्र कारखान्यातच अशा एखाद्या कागदी स्पीकरमधून गाळून आला होता. नक्कल आधीच संस्कारित होती आणि अस्सल रानटी राहिली होती.

साधा उपाय असा की माझा छोटा अँप्लिफायर न्यायचा आणि त्याच्यापुढे माइक ठेवायचा. ऑर्केस्ट्राकडे माइक होते, पण प्रत्येकाची सोय लागलेली होती. एक दादाचा. एक गायिकेचा, जी अजून अस्तित्वात आली नव्हती, पण तिचा माइक इतर कुणाला देणे अपशकुनाचे मानले जाई. आणि एक सत्काराचा. हा मान्यवरांसाठी राखीव. तो लाल फडक्यात गुंडाळलेला असे आणि तालमीतसुद्धा त्याच्यातून ‘हॅलो’ म्हणण्याची कुणाची टाप नव्हती.

म्हणून मी शाळेतली पत्र्याची कंपासपेटी शोधून काढली, आणि काही रेझिस्टर व कपॅसिटर जोडून उंच वारंवारता गाळणारी चाळणी तिच्यात बसवली. डबीच्या पुढे ही पेटी, पेटीच्या पुढे मिक्सर. शिवाय फाटण्याचा नॉब पाऊणवरून निम्म्यावर आणला, कारण बंद खोलीत जे शौर्य वाटते ते मोठ्या स्पीकरवर निव्वळ गोंगाट असते. आलेख पुन्हा जुळवला. या वेळी तो एकतीसवर असा बसला की कुठला कोणाचा हे मलाच नावे वाचून कळत होते.

पुढची केळी गेली. पुन्हा भिंत, पुन्हा श्रद्धांजली.

"पयली असल," दादा म्हणाला.

"दुसरी बे," मिस्त्री म्हणाला. "कान हायत का काय?"

"थांब. परत वाजवा. ... न्हाई, दुसरीच असल हाय वाटतं."

"मला आता पयली वाटायलीय."

मग पुष्कळ फेऱ्या झाल्या आणि दोघांनी एकमेकांची मते इतक्या वेळा अदलाबदल करून वापरली की शेवटी निकाल नाणेफेकीहून वेगळा उरला नाही. सिद्ध करायचे होते ते सिद्ध झाले होते. मी गिटार खाली ठेवली. चेहऱ्यावर नम्रता आणण्याचा प्रयत्न केला. तो कितपत साधला ठाऊक नाही.

"म्हंजे दोन्ही सारख्याच?" मास्टरांनी विचारले.

"अगदी सारख्या. यांना फरक ओळखता येत नाही."

"जरासाबी न्हाई?"

"अजिबात नाही."

"लई भारी," मास्टर म्हणाले. त्यांनी कीबोर्डवरून फडके फिरवले. "मंग तुमी कावून पायजे?"

मी वाकून मिक्सरमधली माझी वायर उपटली.

"रागाला येऊ नका मॅडम. इचार करा. जीपमधी एक सीट लागंल. स्टेजवर एक माणूस उभं राहायला जागा लागंल. ती डबी, ती कंपासपेटी, त्या वायरी. अन् एवढं करून आवाज त्योच, जो हितं हाय." त्यांनी एक बोट दाखवले. "मी दुकानदार माणूस. एकच माल दोनदा कावून भरू?"

युक्तिवादात फट नव्हती, याचाच मला संताप आला. ‘हिच्याइतकी’ हा निकष त्यांनी दिला होता आणि मी तो शेवटच्या बिंदूपर्यंत पूर्ण केला होता. पूर्ण केल्यामुळेच मी अनावश्यक ठरले होते. माझ्या विद्यार्थ्याने एवढ्या मेहनतीने एवढा निरुपयोगी प्रयोग केला असता तर मी त्याला पूर्ण गुण देऊन विषय बदलायला सांगितले असते.

"पुढचा माल निघाला की एक तालीम हाय," मास्टर म्हणाले. "मंग सराई. तवर काय वेगळं आणता आलं तर आणा. न्हाईतर गाणं शिका."

गाणे शिकणे भौतिकदृष्ट्या असंभव असल्याने मी प्रश्न उलटा केला. एकतीससारखे कसे वाजेल, हे विचारून झाले होते. एकतीसला काय येत नाही, हे विचारायचे राहिले होते. मी मिस्त्रीकडून गेल्या सराईतल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मागवले. त्याने ते उदारपणे पाठवले. निम्म्यांत त्याचे स्वतःचे कोपर होते.

त्या व्हिडिओंत मला आमच्या संगीताचे खरे स्वरूप समजले. आमच्याकडे गाणे सलग गायले जात नाही. दादा एखाद्या दर्दभऱ्या ओळीच्या ऐन मध्यावर आला की मांडवातून कुणीतरी नोट उंचावून रंगमंचाकडे निघतो. दादा ओळ तशीच लोंबकळत सोडतो, नोट घेतो, आणि देणाऱ्याचे नाव, गाव, पद, पदाच्या अपेक्षा आणि तो ज्यांचा खंदा समर्थक आहे त्यांचे नाव हे सर्व जाहीर करतो. मग ओळ जिथून आठवेल तिथून पुढे चालू. पाहुणे येतात ते या जाहीर होणाऱ्या नावासाठी. गाणे हा दोन नावांमधला विसावा.

आणि नेमके इथे एकतीस नंबर उघडा पडत होता. त्याला एकच येई: फाटणे. पट्टी जोरात दाबली तर मोठ्याने फाटे, हळू दाबली तर हळू फाटे. दादा नाव पुकारू लागला की मास्टरांपुढे दोनच मार्ग उरत: हात उचलून सगळे सुनसान करायचे, किंवा ओरडणे चालू ठेवून नाव बुडवायचे. दोन्ही हात गुंतलेले असल्याने ते बहुधा चुकीच्या वेळी चुकीचा मार्ग निवडत. धर्मापुरीकडच्या एका लग्नातला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. एक भारदस्त गृहस्थ नोट देतात. दादा नाव पुकारतो. एकतीस त्या नावावर अखंड किंचाळतो. गृहस्थ क्षणभर थांबतात, मागे वळतात, पायऱ्या चढतात आणि दादाच्या बोटांतून आपली नोट शांतपणे काढून घेऊन जातात.

माझ्या हातातल्या डिस्टॉर्शनलाही हे जमले नसते. तीही हळुवार छेडलेली तार आणि ओढलेली तार दोन्ही सपाट कापून एकसारखी करत होती. मी तिला त्याच गुणासाठी निवडले होते. परत पाठवण्याची मुदत संपण्याआधी मी ती परत पाठवली आणि ओव्हरड्राइव्ह मागवली. या डबीचे छाटणे गोलाईचे. लहर लहान असली तर ती शेंड्यांना हातही लावत नाही; मोठी झाली की दाबू लागते. म्हणजे फाटायचे की नाही हा निर्णय डबीकडून पुन्हा वाजवणाऱ्याकडे येतो.

मांडणी या वेळी अर्थातच वेगळी झाली. ॲप बंद ठेवले. फाटण्याचा नॉब तळाशी नेला आणि केसभर केसभर वर आणत, ती एक रेघ शोधली जिच्या अलीकडे हळू छेडलेला स्वर स्वच्छ राहतो आणि पलीकडे जोर लावलेला स्वर फाटतो. रेघ सापडेपर्यंत बोटांची टोके हुळहुळी झाली, कारण नॉब अर्ध्या रेषेने हलला तरी ती निसटे. मग स्वच्छ स्वरही स्पीकरपर्यंत पोहोचावा म्हणून पातळीचा नॉब भरपूर वर, तीक्ष्णपणा खाली, पुढे कंपासपेटी आहे तिथेच. पहिल्या पेडलवर मी जे नॉब अभिमानाने वर नेले होते ते सर्व आता खाली होते, आणि खाली होता तो वर. आईने दारातून ऐकले आणि जाताना दार उघडेच ठेवले. आमच्या घरात ही दाद समजली जाते.

शेवटच्या तालमीला मी भिंतीची चाचणी नाकारली.

"दादा, गाणे म्हणा. मध्येच बक्षीस पुकारा. आधी मास्टर साथ देतील, मग मी."

"बक्षीस देणार कोण?" दादाने विचारले. "उगंच हवेत पुकारू का?"

मिस्त्रीने क्रेटच्या तळाशी राहिलेले एक केळे उचलले आणि नोटेसारखे उंच धरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. दादाने विरहाचे गाणे धरले. ओळ शिगेला पोहोचली, मिस्त्री केळे घेऊन निघाला, दादाने ते स्वीकारले आणि छाती भरून घेतली.

"धडाडीचं नेतृत्व, गोरगरिबांचे कैवारी, आमचे मार्गदर्शक काकासाहेब यांच्याकडून ..."

बाकीचे एकतीसच्या पोटात गेले. मास्टरांनी घाईने हात उचलला तेव्हा दादा नुसता तोंड हलवत असलेला दिसला आणि खोलीत एकाएकी काहीच उरले नाही.

"ह्योच लोचा धर्मापुरीला झालता," मिस्त्री म्हणाला.

"तू केळं धर गप," मास्टर म्हणाले.

मग माझी पाळी. ओळ चढत गेली तशी मी तारांवर जोर वाढवत नेला आणि स्वर फाटला. चांगला, रुंद फाटला, कुठेही काटा नाही. मिस्त्री निघाला. दादाने केळे घेतले, आणि मी बोटे सैल सोडली. पाय जागचा हलवला नाही, कोणतेही बटण दाबले नाही. तीच सुरावट एकदम स्वच्छ, पाण्यासारखी खाली उतरून वाहू लागली आणि तिच्यावर काकासाहेबांचे नाव, कैवारासहित, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकू आले. दादा ओळीवर परतला तसा मी पुन्हा जोर केला.

खरे तर दादा लगेच परतलाच नाही. खाली मंद सूर चालू आहे आणि आपले बोलणे त्यावर शोभते आहे, हे ध्यानात आल्यावर त्याने काकासाहेबांमागून त्यांचे चिरंजीव, चिरंजीवांचा मित्रपरिवार आणि समस्त ग्रामस्थ यांनाही दाते बनवले. मी त्यांच्याखाली मुकाट्याने वाजवत राहिले. विज्ञानाचा हा उपयोग मला कुणी शिकवला नव्हता.

"दादा, सराईत एवढं पुकारलंस तर गाणं कधी म्हणणार?" मास्टरांनी विचारले.

"मास्टर, आता गाणं नसलं तरी चालतंय."

"इंजनचं ट्यूनिंग झालंय," मिस्त्री केळे सोलत म्हणाला. "रेस सोडली तरी बंद पडंना. असंच पायजे."

मास्टरांनी एकतीस दाबून एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने आवाज कमी-जास्त करून पाहिला. सुरावट लंगडी पडली. पुन्हा पाहिला. मग उठून माझ्या पायाशी आले, डबी उचलली, खालून-वरून निरखली.

"ह्याच्यावर नंबर कुठं हाय?"

"नंबर नाही, मास्टर."

"मंग पायजे तो आवाज काढता कसा?"

"हळू आणि जोरात."

हे उत्तर त्यांना अपुरे वाटले असणार. त्यांनी डबी होती तिथे, पण जरा डावीकडे, कीबोर्डच्या स्टँडपासून एक माणूस उभे राहील एवढ्या अंतरावर ठेवली आणि खिशातून फोन काढला.

त्यांच्या ऑर्केस्ट्रात वादकांना मरून रंगाचे, चमकी लावलेले कोट असत. गायिकेने साडी आपली आपण आणायची. फोन शिंप्याला होता.

"एक कोट वाढवा. ... व्हय, बाईमाणूस हाय. ... न्हाई, गाणारी न्हाई, गिटारवाली. ... माप धाडतो आत्ता. जरा सैलच शिवा. शिकलेली पोरगी हाय, उद्या कुठं निघून गेली तर दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाला व्हायला पायजे."

दादाने मापासाठी क्रेटची सुतळी सोडून माझ्या हातात दिली. खांद्यापासून खांद्यापर्यंत, मग बाहीची लांबी, मी माझे माप स्वतः घेतले आणि प्रत्येक गाठ मारताना एक बोटभरही सैल धरले नाही.